आडनाव आधी

सकाळी साडेआठला खिडकी उघडायची असते, फोन त्याआधीच वाजायला लागतो. पलीकडचा माणूस कधी घाबरलेला, कधी चिडलेला, आणि बरेचदा चुकीच्या कोर्टाला लागलेला. "मला परवा रात्री पीटर्सबर्गला तिकीट मिळालं," तो सांगतो. पीटर्सबर्गला मिळालेलं नसतंच. अंधारात निळे-लाल दिवे मागे लागल्यावर मोबाइलच्या नकाशात जे मोठं नाव दिसलं, तेवढं त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. मी म्हणते, कागद काढा, कोर्टाचं नाव काय छापलंय ते वाचून दाखवा. मग खोकला, गाडीचा दरवाजा उघडल्याचा आवाज, कागदांची खुडबुड. कागद ग्लव्ह बॉक्समध्येच पडलेला असतो, घरात कोणी नेलेलाच नसतो.

मी अमेरिकेत, व्हर्जिनियाच्या दक्षिण भागातल्या एका काउंटीत जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात डेप्युटी क्लार्क आहे. मराठीत सांगायचं तर कोर्टातली कारकून. काउंटीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे माझी एक चूक सांगायची आहे आणि तिच्याशी माझ्या ऑफिसचा काही संबंध नाही. पाइनची जंगलं, भुईमूग आणि कापसाची शेतं, लाकडाचे कारखाने. नवरा त्यातल्याच एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून आला आणि त्याच्यामागे मी. वस्ती विरळ, पण काउंटीच्या पोटातून मोठा हायवे जातो. त्यामुळे आमच्या बोर्डावर गावातली नावं थोडी आणि न्यू जर्सी, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायनाची जास्त. न्यू जर्सीतल्या एडिसनहून नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला गणपतीसाठी निघालेली मराठी कुटुंबं याच वाटेने जातात. त्यातली काही मला भेटतात.

माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात नक्कल विभागात होते. निकालाची नक्कल हवी म्हणून माणसं यायची, वडील लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे सोडायचे. नक्कल लवकर मिळावी म्हणून लोक चहा सांगायचे. वडील चहा प्यायचे, नक्कल मात्र नंबरानेच द्यायचे. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची, त्यामुळे रोजनामा, पुकारा, मुद्देमाल हे शब्द मला पाढ्यांसारखेच पाठ झाले. सात समुद्रांपलीकडे येऊन मी शेवटी त्याच धंद्याला लागले, याचं वडिलांना फार हसू यायचं.

तर रेकॉर्ड शोधणं. बाहेरून बघणाऱ्याला हे काम म्हणजे नाव टाकायचं आणि बटण दाबायचं एवढंच वाटतं. पण व्हर्जिनियात ९५ काउंट्या आहेत आणि ३८ स्वतंत्र शहरं, आणि ही शहरं कोणत्याही काउंटीत मोडत नाहीत. सातारा शहर सातारा जिल्ह्यात येत नाही असं कोणी सांगितलं तर कसं वाटेल, तसंच. एम्पोरिया हे शहर चारी बाजूंनी ग्रीन्सव्हिल काउंटीने वेढलेलं आहे, पण कागदोपत्री ते काउंटीच्या बाहेर. टपालाचा पत्ता एका गावाचा, रस्ता दुसऱ्या काउंटीचा, हे तर नेहमीचंच. राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या वेबसाइटवर केस कोणालाही फुकट बघता येते. मी २०१३ मध्ये लागले तेव्हा एकेक कोर्ट निवडून शोधावं लागे. आता राज्यभर एकदम शोधायची सोय झाली आहे. तरी पहिले काही दिवस केस दिसत नाही. पोलिसाने समन्स लिहिलं म्हणजे ते कोर्टात पोचलं असं नाही. ते यायला आणि चढायला काही दिवस जातात. तेवढ्यात माणसं आशेला लागतात. "शोधलं, काहीच नाही, म्हणजे सोडून दिलं ना त्यांनी?" सोडून कोणी देत नाही.

एकदा सापडलं की स्क्रीनवर सगळं असतं. रहदारीच्या केसचा नंबर 'जीटी' या अक्षरांनी सुरू होतो, त्यापुढे सालाचे दोन आकडे. नाव, गाव, जन्मतारखेतला दिवस आणि महिना, साल झाकलेलं. कलम, गुन्ह्याची तारीख, सुनावणीची तारीख, आणि सगळ्यात खाली निकाल. 'प्रीपेड' असेल तर दंड आधीच भरला. 'डिसमिस्ड' म्हणजे सुटला. 'गिल्टी इन अ‍ॅब्सेन्शिया' म्हणजे तारखेला आला नाही आणि गैरहजेरीत दोषी ठरला. हा शेवटचा शेरा मला अजूनही बघवत नाही. त्याचं कारण सांगते.

सातआठ वर्षांपूर्वी एका मुलाचा फोन आला. इंग्रजीवरूनच मी ओळखलं, पण आपण होऊन मराठीत बोलायचं नाही असा माझा नियम आहे, कारण मराठी सुरू झालं की माणूस क्लार्कशी बोलायचं सोडून ताईशी बोलायला लागतो. त्याने आडनाव सांगितलं, मी टाकलं, काही आलं नाही. स्पेलिंग विचारलं, शेवटची अक्षरं बदलून पाहिलं, तरी नाही. त्या दिवशी कोर्ट चालू होतं, खिडकीपुढे रांग. मी म्हटलं, "अजून आलं नसेल, चारपाच दिवसांनी पुन्हा बघा." ठरलेलं उत्तर, एरवी बरोबरही असतं. फक्त तिकीट कधीचं आहे हे मी विचारलं नाही. ते तीन आठवड्यांपूर्वीचं होतं.

त्याने पुन्हा वेबसाइट बघितली. आडनावाने काही येईना, म्हणून तोही निश्चिंत झाला. महिन्याभराने त्याला पत्र गेलं ते गैरहजेरीत दोषी ठरल्याचं. केस आमच्याकडे पहिल्यापासून होती, पण त्याच्या वडिलांच्या नावाखाली. आपलं नाव तीन तुकड्यांचं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. व्हिसाच्या कागदापासून लायसन्सपर्यंत पोचताना कुठेतरी आडनाव पुढे सरकलं होतं आणि शेवटच्या रकान्यात वडील जाऊन बसले होते. ट्रूपरने, म्हणजे राज्याच्या पोलिसाने, लायसन्सवरून जसंच्या तसं उतरवलं. त्याची काही चूक नव्हती. ऑफिसातल्या दुसऱ्या कोणालाही हे सुचलं नसतं, तर मी समजू शकले असते. मला सुचायला हवं होतं. नुसत्या सुनावणीच्या तारखेने शोधलं असतं तरी त्या दिवसाची सगळी यादी समोर आली असती आणि एका नजरेत तो दिसला असता.

कायद्यात वाट होती. दोषी ठरल्यापासून साठ दिवसांच्या आत, सबळ कारण दाखवून केस पुन्हा उघडायचा अर्ज करता येतो. त्याशिवाय दहा दिवसांत वरच्या सर्किट कोर्टात अपील करता येतं, तिथे सगळी केस नव्याने चालते. पण ते दहा दिवस कधीच उलटून गेले होते. मी त्याला अर्जाचा फॉर्म पाठवला आणि आमच्या मुख्य क्लार्क बाईंना सांगितलं की याला आडनावावरून परत पाठवलं ते मी. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हनी, मग तेच एका कागदावर लिहून फायलीत लाव." लावलं. जजने केस उघडली. पुढे निकाल काय लागला ते लिहिणं बरोबर नाही, पण मुलगा स्वतः हजर राहिला. बाहेर पडताना खिडकीशी थांबला आणि म्हणाला, "तुम्ही मराठी आहात ना? फोनवरच वाटलं होतं." तेव्हापासून आपल्याकडचं नाव वाटलं की मी तिन्ही तुकडे उलटेसुलटे टाकून बघते. काही भारतीयांच्या कागदांवर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' असतं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. ते लोकांना त्या माणसाचं नावच वाटतं. एकदा एका नव्या ट्रूपरने भर कोर्टात "मिस्टर फ्नू" असा पुकारा केला होता.

नोकरीच्या पहिल्या दिवशी मुख्य क्लार्क बाईंनी मला एकच नियम शिकवला. काय, कुठे, कधी, कसं, एवढं सांगायचं. 'मी काय करू?' याला उत्तर द्यायचं नाही. माहिती आमच्याकडे, सल्ला वकिलाकडे. ऐकायला सोपा वाटतो, पण माझी निम्मी नोकरी या एका रेषेवर तोल सांभाळण्यात गेली आहे.

एका दुपारी एक सरदारजी आले, ट्रक बाहेर उभा करून. हायवेवर त्यांच्यासारखे पंजाबी ड्रायव्हर पुष्कळ. वेगाचं तिकीट, मर्यादेपेक्षा सोळा मैल जास्त. हातात रोख पैसे तयार. "बहनजी, ले लो और छुट्टी करो." दंड आधी भरता येण्याजोगाच होता, मी पावती फाडू शकत होते. पण मला माहीत होतं की आधी दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. आणि व्यावसायिक लायसन्सवाल्याला पंधरा मैल किंवा त्याहून जास्त वेग हा केंद्राच्या नियमाने गंभीर गुन्हा. तीन वर्षांत असे दोन झाले की साठ दिवस ट्रक चालवता येत नाही. घरच्या गाडीवाल्याला जज कधीमधी आठ तासांच्या ड्रायव्हिंग क्लासला पाठवून केस मिटवतो, तीही वाट या लोकांना बंद, कारण त्यांचा गुन्हा रेकॉर्डवरून झाकायला केंद्राचीच मनाई आहे. हा त्यांचा पहिला गुन्हा की दुसरा, ते मला माहीत नव्हतं. 'भरू नका, वकिलाला विचारा' एवढे चार शब्द जिभेवर होते. ते म्हटले असते तर मी सल्ला दिला असता.

मी समन्स उलटं करून त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, "पैसे घेते. पण आधी हे वाचा. आज भरायचेत की तारखेला यायचंय ते तुम्ही ठरवा. दोन्ही होतं." त्यांनी चष्मा काढला, वाचलं, एकदा माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. पैसे खिशात ठेवले आणि बाहेर जाऊन कोणाला तरी फोन लावला. त्या दिवशी मी रेषेच्या अलीकडे होते की पलीकडे, यावर मी नवऱ्याशी रात्री बराच वेळ बोलले. माझं मत अजून तेच आहे: वाचायला लावणं हा सल्ला नव्हे.

आपल्या लोकांना सगळ्यात जास्त धक्का बसतो तो 'रेकलेस ड्रायव्हिंग' या शब्दांनी. न्यू जर्सीत वेगाचं तिकीट म्हणजे दंड आणि पॉइंट, असं गणित डोक्यात असतं. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा वीस मैल जास्त, किंवा मर्यादा काहीही असली तरी ८५ च्या वर गेलात, की तो फौजदारी गुन्हा. २०२० च्या जुलैपर्यंत हा आकडा ८० होता. ७० ची पाटी असलेल्या रस्त्यावर ८१ ला धरलेला माणूस तेव्हा थेट गुन्हेगार ठरायचा. कायद्यात कमाल शिक्षा बारा महिने तुरुंग आणि अडीच हजार डॉलर दंड. हे आधी भरून मिटवता येत नाही, तारखेला यावंच लागतं, नाहीतर वकील धाडावा लागतो. ८६ मैल म्हणजे ताशी १३८ किलोमीटर. समृद्धीवरही हा वेग चालत नाही, पण तिकडे दंडाचा मेसेज मोबाइलवर येतो, माणूस लोक अदालतीची वाट बघत बसतो. इथे ट्रूपर खिडकीशी येऊन सही मागतो. सही म्हणजे कबुली नव्हे, तारखेला येईन एवढंच वचन, असं कागदावरच छापलेलं आहे. तरी "मी सही केली, आता संपलं" असं म्हणणारे आठवड्याला दोन तरी भेटतात. गाडीत रडार ओळखणारं यंत्र लावलेलं असेल तर तो आणखी एक गुन्हा, कारण या राज्यात त्यालाही बंदी आहे.

कोर्टाचा दिवस मात्र मला आवडतो. प्रत्येक ट्रूपरच्या तारखा ठरलेल्या, त्यामुळे त्याने लिहिलेल्या सगळ्या केसेस त्या-त्या दिवशी एकत्र येतात. बाकांवर कामाच्या बुटांतली गावची माणसं आणि तीनशे मैल गाडी हाकून आलेले पाहुणे शेजारी-शेजारी. कोणी गॅरेजचं सर्टिफिकेट आणलेलं असतं, गाडीचा स्पीडोमीटर पाच मैल कमी दाखवतो असं. जज ते खरंच वाचतात. कायद्याने तो पुरावा धरता येतो. कोणी उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेलं समन्स आणतो, हल्ली ते मशीनमधून पावतीसारख्या कागदावर निघतं, आणि महिन्याभरात त्यावरची अक्षरं उडून गेलेली असतात. कोऱ्या कागदाचा तुकडा माझ्यापुढे धरून "यात सगळं लिहिलंय" असं सांगणारे आजोबा मला कायमचे लक्षात राहिले आहेत.

गावातली माणसं वेगळी. त्यांना वेगाची तिकिटं कमी, लायसन्सची जास्त. एक बाई होती, नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला. कधीतरी दंड भरायचा राहिला म्हणून लायसन्स निलंबित झालं. आमच्या काउंटीत बस नाही. कामाला जायचं तर गाडी काढायची, गाडी काढली की पकडली जायची, पकडली की नवा दंड. ती दर दोनतीन महिन्यांनी खिडकीशी यायची आणि पाकिटातून वीस डॉलर काढून ठेवायची. आम्ही ते कोणत्या केसवर जमा करायचे ते तिलाच विचारायचो, कारण केसेस पाच होत्या. नुसता दंड थकला म्हणून लायसन्स काढून घ्यायचा कायदा राज्याने २०२० मध्ये रद्द केला. त्यानंतर ती आली तेव्हा मी तिला ते सांगितलं, माहिती म्हणून. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इतकं सोपं होतं, तर आधी का नाही केलं?" हा प्रश्न 'काय, कुठे, कधी, कसं'च्या यादीत बसत नव्हता. माझं विचाराल तर तो कायदा मूर्खपणाचा होता.

या सगळ्याचं रेकॉर्ड आम्ही दहा वर्षं ठेवतो, मग नष्ट करतो. भिंतीपलीकडे सर्किट कोर्टाच्या क्लार्कचं ऑफिस आहे. तिथे अठराव्या शतकातली खरेदीखतं, मृत्युपत्रं, चामड्याच्या बांधणीतली, आजही कपाटात. याच राज्यात पूर्व किनाऱ्यावर नॉर्थॅम्प्टन काउंटीत १६३२ पासूनची कोर्टाची दप्तरं सलग आहेत. शिवाजी महाराज तेव्हा दोन वर्षांचे होते. आणि आमच्या बाजूला, बारा वर्षांपूर्वीच्या तिकिटाचा कागद मागायला माणूस येतो तर मला त्याला रिकाम्या हाताने परत पाठवावं लागतं. हे मागणारे बहुतेक नागरिकत्वाच्या अर्जवाले असतात. त्या अर्जात, कधी पोलिसांनी तिकीट दिलं होतं का, असाही प्रश्न आहे. अटक झालेली नसेल, दारूचा किंवा नशेचा संबंध नसेल आणि दंड पाचशे डॉलरच्या आत असेल, तर कागद जोडायची गरज नाही, असं अर्जाच्या सूचनांमध्येच लिहिलेलं आहे. पण सूचना कोण वाचतो? आम्ही त्यांना शिक्क्याचं पत्र देतो की मुदत संपल्याने रेकॉर्ड नष्ट झालं आहे. काहींचा विश्वास बसत नाही. "अमेरिकेत रेकॉर्ड नष्ट कसं होईल?" असं एका गृहस्थांनी मला अगदी मराठीत सुनावलं होतं. वडिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्याकडे वाळवी करते, तुमच्याकडे कायदा करतो."

हायवेच्या एक्झिटवर एक गुजराती काका मोटेल चालवतात. रात्री तिकीट घेतलेले भारतीय त्यांच्याकडे उतरतात आणि काका त्यांना सकाळी माझ्याकडे धाडतात, "अपनी बेन है वहाँ" असं सांगून. दिवाळीला ते नानखटाईचा डबा घेऊन येतात, मी दर वर्षी परत करते, ते दर वर्षी रागावतात. चहासुद्धा चालत नाही का, असं एकदा विचारलं त्यांनी. वडिलांची आठवण आली, पण नाही म्हटलं. बेन असल्याचा उपयोग काय, असं बिचाऱ्यांना वाटत असणार. उपयोग एवढाच की बेन नाव उलटंसुलटं टाकून बघते.

तुमच्यापैकी कोणी या रस्त्याने जाणार असाल आणि कागद हातात पडलाच, तर त्याच दिवशी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंचा. फोन कराल तेव्हा आधी कोर्टाचं नाव वाचा, मग सुनावणीची तारीख, आणि लायसन्सवर शेवटच्या रकान्यात जे छापलंय ते आडनाव म्हणून सांगा, मग ते वडिलांचं असलं तरी चालेल. आमची खिडकी चारला बंद होते.